शिक्षा झाली, नोंदणी राहिली

आळंदीत जागा घ्यायला माणसे दोन वाटांनी येतात. एक वाट चाकणहून येते. औद्योगिक वसाहतीत आधी कंत्राटावर, मग कायम झालेला कामगार, मोशी किंवा भोसरीच्या भाड्याच्या खोलीतून निघून स्वतःच्या दोन खोल्या शोधत मरकळ रस्त्याला, केळगावला, चऱ्होलीला चौकशी करतो. दुसरी वाट मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून येते. निवृत्त शिक्षक, एसटीतून सेवा संपवलेला वाहक, मुलांच्या हाती शेती सोपवलेला शेतकरी. उरलेले दिवस माउलींच्या समाधीजवळ काढावेत, रोज इंद्रायणीचा घाट दिसावा, एवढीच त्यांची इच्छा असते. फंडाचे पैसे किंवा विकलेल्या एकराचे पैसे बँकेत असतात आणि गावात कुणीही ओळखीचे नसते.

या दोघांकडेही वकील नसतो. त्यांना ओळख लागते, आणि ती ओळख म्हणजे एजंट. जागा तो दाखवतो, सातबारा तो आणतो, मालकाशी बोलणे तोच करून देतो. इसाराची रक्कम पुष्कळदा त्याच्याच हातून पुढे जाते. त्याच्याबद्दल चौकशी केली तर उत्तर ठरलेले असते: माळकरी माणूस आहे, फसवणार नाही. आळंदीत या वाक्याला वजन आहे. १९१७ साली जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था इथे सुरू केली तेव्हापासून राज्यभरातली मुले या गावात शिकायला येतात, घराघरांत राहतात, माधुकरी मागतात. परक्या माणसावर विश्वास टाकणे ही या गावाची जुनी रीत आहे आणि ती टिकावी असे मला मनापासून वाटते. म्हणूनच पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

समजा, महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, रीतसर नोंदणी असलेल्या एखाद्या एजंटाला फौजदारी न्यायालयाने फसवणुकीबद्दल दोषी ठरवले. इसाराचे पैसे खाल्ले, एकच जागा दोघांना विकली, खोटे कुलमुखत्यारपत्र वापरले, काहीही असो. निकाल लागला, शिक्षा सुनावली गेली. त्याच्या नोंदणीचे काय होते?

आपोआप काहीच होत नाही.

स्थावर संपदा अधिनियम, म्हणजेच रेरा, २०१६ साली झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. महाराष्ट्राने त्याच वर्षी मार्चमध्ये प्राधिकरण स्थापले आणि एप्रिलमध्ये नियम काढले. या कायद्याने दलालीच्या धंद्याला देशपातळीवर पहिल्यांदा नोंदणीची चौकट मिळाली, आणि ही फार मोठी गोष्ट होती. त्याआधी पानटपरीच्या शेजारी टेबल टाकून कुणीही ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ होत असे. कलम ९ ने सांगितले की नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकायला मदत करायची तर आधी स्वतःची नोंदणी करा. कलम १० ने कर्तव्ये सांगितली: नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री करू नका, हिशेबाच्या वह्या ठेवा, खोटी माहिती देऊ नका, ग्राहकाला त्याच्या हक्काची कागदपत्रे मिळवून द्या. कलम ६२ ने दंड ठेवला: दिवसाला दहा हजार रुपये, आणि एकूण रक्कम त्या मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत.

नोंदणी रद्द किंवा निलंबित करण्याची तरतूद कलम ९ च्या सातव्या पोटकलमात आहे. तिला दोनच कारणे चालतात. एजंटाने नोंदणीच्या अटी मोडल्या, किंवा मुळात नोंदणीच खोटे सांगून मिळवली. दोन्ही बाबतींत त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. न्यायालयाने गुन्हेगार ठरवले, हे तिसरे कारण तिथे नाही.

महाराष्ट्राच्या नियमांत अर्जासोबत प्रलंबित दिवाणी आणि फौजदारी प्रकरणांचा तपशील मागितला आहे. चांगली गोष्ट आहे. पण ‘प्रलंबित’ या शब्दातून निकाल लागलेले प्रकरण सुटते. शिवाय अर्ज एका दिवशी होतो आणि नोंदणी पाच वर्षे चालते. या पाच वर्षांत गुन्हा दाखल झाला, आरोपपत्र गेले, शिक्षा झाली, तर ते प्राधिकरणाला कळवण्याचे बंधन कलम ९ किंवा १० एजंटावर घालत नाही.

गंमत म्हणून नव्हे, चिंता म्हणून याच कायद्याचे कलम २६ वाचावे. प्राधिकरणाच्या अध्यक्षाला किंवा सदस्याला पदावरून कधी काढता येईल, ते त्यात दिले आहे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरणे हे त्यातले एक कारण. म्हणजे हा मुद्दा कायदा करणाऱ्यांच्या मनात होता. नियमन करणारा माणूस स्वच्छ असावा हे त्यांनी लिहून ठेवले. ज्याच्या हातात ग्राहक पहिली रक्कम ठेवतो, त्याच्याबद्दल लिहायचे राहिले.

आणखी मागे गेले तर ही उणीव जास्तच खटकते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत विश्वासघाताच्या गुन्ह्याला साधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद होती. पण तोच गुन्हा सरकारी नोकराने, सावकारी पेढीवाल्याने, व्यापाऱ्याने, अडत्याने, दलालाने, मुखत्याराने किंवा एजंटाने आपल्या धंद्याच्या ओघात केला, तर कलम ४०९ खाली दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ३१६ च्या पाचव्या पोटकलमात हाच भेद कायम आहे. दुसऱ्याचा पैसा धंदा म्हणून हाताळणाऱ्याचा विश्वासघात अधिक गंभीर, हे दीडशे वर्षांहून जुने सूत्र आहे. फौजदारी कायदा दलालाला नाव घेऊन जास्त शिक्षा देतो आणि दलालांची नोंदणी करणारा कायदा त्या शिक्षेची दखल घेत नाही.

इतर व्यवसायांत असे नाही. वकिली कायद्यातले कलम २४-अ नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सनद नाकारते, आणि सुटकेनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपते. १९५६ च्या कंपनी कायद्यात कलम २६७ होते. अशा गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस कंपनीचा व्यवस्थापकीय संचालक राहू शकत नसे. त्यावरून नारंग कुटुंबातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९५ च्या त्या निकालाने एक गोष्ट पक्की केली: अपिलात नुसती शिक्षेची अंमलबजावणी थांबली म्हणून अपात्रता जात नाही. दोषसिद्धीलाच स्थगिती हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते आणि तिची कारणे द्यावी लागतात. धंद्यातली पात्रता आणि फौजदारी निकाल यांचा सांधा कसा जुळवायचा याचा विचार आपल्याकडे झालेला आहे. घर विकणाऱ्यापर्यंत तो आलेला नाही.

परवाना देणारे खाते आणि गुन्हा नोंदवणारे खाते एकमेकांशी बोलत नाहीत तेव्हा काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत महागडे उदाहरण पुण्याच्या न्यायालयात संपले. अब्दुल करीम तेलगीला मुद्रांक विक्रेत्याचा परवाना १९९४ साली मिळाला. त्याआधीच फसवणुकीच्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी त्याला अटक केली होती. ती केवळ अटक होती, दोषसिद्धी नव्हे, हे मान्य. अटक झालेल्या प्रत्येकाला परवाना नाकारा असे मी म्हणणार नाही. पण परवान्याच्या टेबलावर ती माहिती ठेवून कुणी तिचा विचार केला असता, तर निदान काही प्रश्न विचारले गेले असते. पुढे बनावट मुद्रांक देशभर खपले. जागेची खरेदीखते, करारनामे, विमा, सगळीकडे ते वापरले गेले. २००१ मध्ये त्याला अजमेरला अटक झाली, आणि २००७ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने १३ वर्षे सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपये दंड ठोठावला. या सगळ्यानंतर मुद्रांक शुल्क भरण्याची पद्धत हळूहळू बदलली. कागद सुधारला. कागदापर्यंत ग्राहकाला घेऊन जाणारा माणूस मात्र कायद्याच्या कक्षेत यायला आणखी दहा वर्षे गेली.

आळंदीत ही खाती किती विखुरलेली आहेत ते पाहा. गाव खेड तालुक्यात. तहसील आणि तालुक्याचे न्यायालय राजगुरुनगरला. पोलीस ठाणे मात्र १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाखाली. गावठाणाच्या आत नगरपरिषद, बाहेरच्या गावांत ग्रामपंचायत आणि २०१५ साली स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, नदी ओलांडून दिघी-मोशीकडे गेले की महापालिका. एजंटाची नोंदणी महारेराकडे, म्हणजे मुंबईत. एकच एजंट एका दिवसात या सगळ्या हद्दी मोटारसायकलवरून पार करतो. त्याच्याविरुद्धचा निकाल राजगुरुनगरच्या न्यायालयातून मुंबईच्या नोंदवहीपर्यंत आपोआप जात नाही. तो नेऊन देणारा कुणी असेल तर तो फसलेला ग्राहकच. आणि वर्षानुवर्षे तारखा भोगलेल्या माणसाकडे आणखी एक अर्ज करायचे बळ क्वचितच उरते.

हे बळ संस्थेकडे असते. २०१७ साली, महारेराचे काम सुरू होऊन काही आठवडेच झाले असताना, मुंबई ग्राहक पंचायतीच्या तक्रारीवरून चेंबूरच्या एका दलाली कंपनीला नियम मोडून केलेल्या जाहिरातीबद्दल १ लाख २० हजार रुपये दंड झाला. दिवसाला दहा हजार या हिशेबाने बारा दिवसांचे. रक्कम त्या धंद्याच्या मानाने किरकोळ होती, पण दलालालाही जाब विचारता येतो हे राज्याला पहिल्यांदा दिसले.

प्राधिकरणाने मनावर घेतले तर ते किती दूर जाऊ शकते, हेही आपण पाहिले आहे. १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. पहिली परीक्षा त्याच वर्षी मे महिन्यात झाली. प्रमाणपत्र संकेतस्थळावर चढवायला मुदत दिली, वाढवली, आणि अखेर २०२४ च्या जुलैमध्ये सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी वर्षभरासाठी स्थगित केली. तोवर राज्यात एकूण नोंदणी सुमारे ४७ हजार होती. इतक्या मोठ्या प्रमाणावर कारवाई करणारे नियामक आपल्याकडे फार थोडे. मला त्याचे कौतुक आहे. पण त्या २० हजारांत बहुसंख्य साधी माणसे होती: परीक्षेला न बसलेली, धंदा सोडलेली, संगणकाशी ओळख नसलेली. परीक्षा दिली नाही म्हणून नोंदणी थांबते आणि न्यायालयाने ठक ठरवले म्हणून थांबत नाही, हा क्रम उलटा आहे.

आता एक अडचण, जी आळंदी परिसरात इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त जाणवते. नोंदणी रद्द केली, तरी त्या माणसाचा धंदा बंद होतो का?

नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीला. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला रेरा नोंदणीच नको. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर आणि थोडे वर. म्हणजे पाच गुंठ्यांनी ही मर्यादा अगदी काठावर ओलांडली जाते. चार गुंठे चौघांना विकले तर रेरा लागत नाही. दहा गुंठे दहा जणांना विकले तर लागायला हवा, पण तो प्लॉटिंगचा प्रकल्प आहे असे कुणी म्हणतच नाही. कागदावर दहा मित्रांनी मिळून शेतजमीन घेतलेली असते, सातबारा सामाईक असतो आणि जागेवर चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा असा तुकडा करू देत नाही. २०२३ मध्ये राज्याने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे केले, तरी एक-दोन गुंठ्यांचा व्यवहार साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि नोटरीच्या शिक्क्यावर चालतच राहिला. २०२५ च्या अखेरीस जुने तुकडे नियमित करण्याची वाट अध्यादेशाने मोकळी केली. लाखो कुटुंबांना त्याने दिलासा दिला असेल. पण ते तुकडे ज्यांनी विकले त्यांच्याबद्दल त्यात विचारणा नाही.

जुन्या फ्लॅटची फेरविक्री आणि भाड्याच्या खोल्याही बहुतांशी या चौकटीबाहेर. म्हणजे नोंदणी गमावलेला एजंट मोठ्या गृहप्रकल्पांच्या दारातून बाहेर पडेल आणि गुंठेवारीच्या रस्त्यावर उभा राहील. तिथे ग्राहक सर्वांत गरीब आणि सर्वांत एकटा आहे.

तो एकटेपणा काय असतो ते १७ मे २०२५ रोजी चिखलीत दिसले. इंद्रायणी देहूहून आळंदीकडे येते त्या वाटेवरच हे गाव आहे. नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले महापालिकेने जमीनदोस्त केले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला होता. नदीच्या बाजूने पाहिले तर निकाल योग्यच. पण भिंती पडल्या त्या घेणाऱ्यांच्या. पूररेषा नकाशावर होती. ती पाहायची कुठे, हे घेणाऱ्याला माहीत नसते. या पट्ट्यात रोज जागा दाखवणाऱ्या मध्यस्थाला ती माहीत असायलाच हवी, आणि त्याच्या दलालीत या माहितीची किंमत धरलेली असते. म्हणून मध्यस्थाचा प्रामाणिकपणा ही त्याची खासगी बाब राहत नाही.

दूरच्या एका राज्याचा अनुभव इथे उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात घरविक्रीचा परवाना असलेल्याला शिक्षा झाली तर तीस दिवसांत त्याने स्वतः खात्याला लेखी कळवायचे असते. न कळवणे हाच कारवाईला पुरेसा दोष. पुढे खाते सुनावणी घेते. पण त्या सुनावणीत केवळ शिक्षा झाली का एवढेच पाहून चालत नाही. त्या गुन्ह्याचा या व्यवसायाच्या पात्रतेशी, कर्तव्यांशी ठोस संबंध आहे का, हे तपासावे लागते. १९७९ मध्ये तिथल्या अपिली न्यायालयांपुढे अमली पदार्थांच्या गुन्ह्याची दोन प्रकरणे आली. गोल्ड प्रकरणात विक्रीसाठी गांजा बाळगणे म्हणजे नफ्यासाठी कायदा मोडणे, आणि घरविक्रीच्या धंद्यात तीच वृत्ती घातक, असे धरून परवाना रद्द करणे कायम ठेवले. ब्रँट प्रकरणात गुन्ह्याचा व्यवसायाशी तसा संबंध दिसत नाही, असे म्हणून खात्याचा निर्णय टिकू दिला नाही. शिवाय परवाना राहणे आणि जाणे यांच्या मधली एक पायरी तिथे आहे: अटींचा परवाना. ठरावीक काळ देखरेखीखाली काम करा, नीट वागलात तर पूर्ण परवाना परत.

मला ही मधली पायरी फार महत्त्वाची वाटते, कारण या विषयावर बोलताना आपला सूर पटकन कठोर होतो. चाकण-आळंदी पट्ट्यातले बरेच एजंट म्हणजे ज्यांच्या वडिलांची जमीन औद्योगिक वसाहतीत किंवा रिंगरोडच्या मोजणीत गेली, अशी मुले आहेत. मोबदल्याचे पैसे भाऊबंदकीत आणि लग्नांत संपले. हातात उरली ती गावातल्या प्रत्येक गटाची, बांधाची, वारसाची माहिती. त्या माहितीवर ते पोट भरतात. बांधावरच्या मारामारीत, मोर्चात, गाडीच्या अपघातात त्यांच्यापैकी कुणाला शिक्षा झालेली असेल. तेवढ्यावरून त्याच्या तोंडचा घास काढणे अन्याय होईल. राज्यघटनेचा अनुच्छेद १९ व्यवसायाचे स्वातंत्र्य देतो आणि त्यावर वाजवी निर्बंधच मान्य करतो. परिवीक्षा कायद्याचे कलम १२ तर सांगते की न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्याला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटू नये.

त्यामुळे प्रश्न विचारायचा तो एवढाच: हा गुन्हा दुसऱ्याच्या पैशाशी, कागदाशी, सहीशी खेळण्याचा आहे का? फसवणूक, विश्वासघात, बनावट दस्त, तोतया मालक उभा करणे, ठेवीदारांचे पैसे बुडवणे यांना या धंद्यात जागा नको, निदान काही वर्षे नको. अपील चालू असेल तर तसे नमूद व्हावे, निर्दोष सुटला तर नोंद त्याच दिवशी पुसली जावी. शिक्षा भोगून आलेल्याला ठरावीक काळानंतर अटींवर परत येता यावे, आणि त्या काळात इसाराची रक्कम त्याच्या हातून न जाता थेट मालकाच्या खात्यात जावी.

यासाठी संसदेची वाट पाहायलाच हवी असे नाही. एजंटाने कोणती आणखी कामे करावीत हे नियमाने ठरवता येईल, असे कलम १० च्या शेवटी म्हटले आहे, आणि नियम करणे राज्य सरकारच्या हातात आहे. शिक्षा झाल्यास तीस दिवसांत कळवा, हे त्या यादीतले एक वाक्य होऊ शकते. कलम ३७ खाली प्राधिकरण विकासकांना, ग्राहकांना आणि एजंटांना बंधनकारक निर्देश देऊ शकते. कळवण्याचे बंधन एकदा अट बनले की ते मोडणे म्हणजे अटभंग, आणि अटभंगाला कलम ९ चे सातवे पोटकलम आजच लागू आहे. नूतनीकरणाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांतल्या निकालांची प्रत मागणे तर त्याहून सोपे.

जागाही तयार आहे. कलम ३४ नुसार प्राधिकरणाने संकेतस्थळावर एजंटांची नावे आणि छायाचित्रे लोकांना दिसतील अशी ठेवायची आहेत, नोंदणी नाकारलेल्यांची आणि रद्द झालेल्यांचीही. आळंदीत जागा पाहायला आलेल्या माणसाने एजंटाकडे ‘ए’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागावा आणि इसार देण्याआधी मुलाला किंवा नातवाला तो फोनवर तपासायला सांगावा. नोंदणी चालू आहे की नाही, ते आज कळते. त्या छायाचित्राखाली एक ओळ वाढवायची आहे: न्यायालयाचे नाव, निकालाची तारीख, अपिलाची स्थिती.